लदेणीच्या वाटेने

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडातला कापूस, माळव्यातले धान्य आणि मारवाडातले मीठ बैलांच्या पाठीवरून फिरत असे. बैलगाडीला रस्ता लागतो, नदीवर उतार लागतो. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलाला मात्र घाटातली पायवाटही पुरते. हजारो बैलांचे तांडे हाकणाऱ्या बंजारा समाजात या व्यापाराला लदेणी म्हणतात. आज यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत ठिकठिकाणी स्थिरावलेले जे तांडे आपण पाहतो, त्यांतील माणसांचे पूर्वज याच लदेणीच्या वाटांनी दक्षिणेत उतरले. दिग्रस तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत मी नोकरीची बरीच वर्षे काढली. भिंतीवरच्या नकाशात राजस्थान दाखवताना समोर बसलेल्या मुलांकडे पाहून मला नेहमी वाटे, की यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी हा प्रदेश पायांनी मोजला आहे आणि तरी पुस्तकात त्याविषयी एक ओळही नाही. ती वाट जमिनीवरून, उलट्या दिशेने एकदा पाहून यावी, ही इच्छा त्या वर्गातच रुजली होती. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात, कापसाची दुसरी वेचणी आटोपल्यावर, ती पुरी करण्याचा योग आला.

बरोबर तांड्यावरचे काकाजी आणि याडी होते. काकाजींची तिन्ही मुले माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे आमचे जाणे-येणे घरच्यासारखे. त्यांच्या पत्नीला सारा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणतो म्हणून मीही याडीच म्हणते. गाडी माझ्या मुलाची बोलेरो, चालवणाराही तोच. नागपूरहून विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने राजस्थान गाठता आले असते, आणि नातेवाइकांनी तसा आग्रहही केला. परंतु मला पाहायची होती ती मधली जमीन. विमानातून उतरणाऱ्याला दोन मुक्काम दिसतात. त्या दोहोंमधली माती कोठे बदलली, पाणी कोठे गोड होते आणि कोठे खारट झाले, पिके कोणत्या गावापासून वेगळी दिसू लागली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. बैलांच्या मागे चालणाऱ्या माणसाचे जगणे तर याच गोष्टींवर अवलंबून होते.

पोहरादेवीला सेवालाल महाराजांचे दर्शन घेऊन आम्ही निघालो. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी असा हा रस्ता पूर्ण काळ्या मातीतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ही शकुंतला रेल्वेची अरुंद पट्टी या वाटेवर मधूनमधून डोकावते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती कापसासाठीच टाकली गेली आणि आता तिचे रूळ गवतात पडून आहेत. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पावसाने गाठले, तर भिजलेला कापूस पाण्याने जड होई आणि बैल ओझ्याखाली बसत. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि हा सारा व्यवहार काही वर्षांतच आटला. वऱ्हाडच्या इतिहासात रेल्वेचे आगमन आपण प्रगतीची खूण म्हणून शिकवतो, मीही तसेच शिकवले. पण ज्यांच्याकडे बैलच होते, जमीन नव्हती, त्यांच्या घरात त्या वर्षांनी काय केले असेल, हा प्रश्न त्या धड्याशेजारी असायला हवा, असे आता मला ठामपणे वाटते.

परतवाडा सोडले की सातपुड्याची भिंत समोर येते. डाव्या अंगाला चिखलदऱ्याचा डोंगर आणि गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज फौजांनी भोसल्यांकडून घेतलेला हा किल्ला या बाजूने पाहिला, की वऱ्हाडच्या मैदानाची राखण तो कशी करत असेल ते समजते. घटांगवरून सेमाडोहकडे उतरताना सागाची मोठी पाने वाळून रस्त्यावर पसरलेली होती, कोरकूंच्या वस्त्यांवर निळ्या-पांढऱ्या रंगाने सारवलेली घरे उन्हात उजळली होती. सेमाडोहला सिपना नदीच्या पुलावर मुलाने गाडी थांबवली. काकाजी बराच वेळ खाली पात्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, जंगलातून येवढे बैल नेत असतीन, तं त्यायले पाणी कोठं कोठं पाजत असतीन?" काकाजींनी उभा जन्म बैल सांभाळले आहेत. कामाचा बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नाही. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात बायकापोरांसह चाललेला बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला होता. त्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते, अशी नोंद त्याने केली आहे. मी काकाजींना ती सांगितली. त्यांनी मनाशी हिशेब केला. एका तांड्याला एका दिवसाला चार ते पाच लाख लिटर पाणी लागणार. त्या पुलावरून पुढे आमच्या प्रवासाला दिशा मिळाली, ती या हिशेबाने. किल्ले, राजवाडे, देवळे पाहिली. पण प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी पाणी कोठे आहे ते शोधू लागलो.

धारणी मागे टाकून देडतलाईवरून बऱ्हाणपूरला पोहोचेपर्यंत राज्य बदलले होते, पण शेतातली कपाशी आणि बायकांच्या डोक्यावरची गाठोडी बदलली नव्हती. बऱ्हाणपुरासाठी आम्ही सर्वांत जास्त वेळ ठेवला होता आणि तो योग्यच ठरला. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन एका भीषण दुष्काळात होरपळत होते, आणि नेमका त्याच वेळी शहाजहान आपला दरबार व फौज घेऊन या शहरात ठाण मांडून बसला होता. जून १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच बाळंतपणात वारली; तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला आधी पुरले होते. तिचे वडील असफ खान (आसफजाह) विजापूरच्या मोहिमेवर गेले, तेव्हा फौजेला धान्य पुरवण्याचे काम भंगी आणि जंगी या दोन बंजारा नाईकांकडे होते. त्यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते, असे परंपरा सांगते. त्यांना मिळालेल्या सनदेतल्या ओळी ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत कोरल्या होत्या, असेही सांगतात: "रंजन का पानी, छप्पर का घास, दिन के तीन खून माफ, और जहाँ आसफजाह के घोडे, वहाँ भंगी जंगी के बैल."

तापीच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी या ओळी काकाजींना आणि याडीला वाचून दाखवल्या. वाटेत पाणी मिळाले नाही तर लोकांच्या घरातल्या रांजणातले घ्या, चारा मिळाला नाही तर छपराचे गवत ओढून घ्या, असा तो परवाना आहे. त्यात नाईकांचा मान आहे, हे खरे, आणि आजही तांड्यावरची जाणती माणसे त्याचा उल्लेख अभिमानाने करतात. पण दुष्काळाच्या वर्षी ज्यांच्या घरातला रांजण रिकामा झाला आणि ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर बैलांनी खाल्ले, ती माणसेही त्याच वाटेवर राहत होती. याडीने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की असे पाणी नेलेल्या गावातून परत जाताना तांड्याला तोंड कसे दाखवता येत असेल. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला. व्यापारी तांड्याला त्याच गावांतून दरवर्षी जावे लागते. गावाशी वैर धरून लदेणी चालत नाही. फौजेच्या मागे चाललेले बैल आणि व्यापाराचे बैल एकाच समाजाचे असले, तरी त्यांची वाटेवरच्या लोकांशी असलेली नाती वेगळी असणार.

बऱ्हाणपुरातच कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानाने १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले. वर ओळीने शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरींची तोंडे, आणि खाली त्यांना जोडणारा बोगदा. कोणतीही मोट नाही, पंप नाही, केवळ उताराचा अचूक अंदाज. लिफ्टने खाली उतरून घोटाभर पाण्यात उभे राहिले, की दगडातून ठिबकणारे पाणी आणि भिंतींवर साचलेले चुन्याचे पांढरे थर दिसतात. चारशे वर्षांनंतरही ते पाणी वाहते आहे. यवतमाळ जिल्ह्यात दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे मी जवळून पाहिली आहेत आणि आमच्याकडे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे त्या बोगद्यात उभे असताना मला कौतुकापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटली.

शहराबाहेर उत्तरेला असीरगड लागतो. तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांमधली सातपुड्यातली खिंड तो अडवतो, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत; १६०१ मध्ये अकबराने तो घेतला. त्या खिंडीजवळ मला दुसऱ्या एका दरवाजाची आठवण झाली, जो आज कोठेही दिसत नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात सिंधूच्या काठापासून महानदीपर्यंत जकातीची एक सलग रेषा उभारली होती आणि ती या बऱ्हाणपूरच्या टापूतून जात असे. संस्थानांतले स्वस्त मीठ कर भरल्याशिवाय इंग्रजी मुलखात येऊ नये, यासाठी तिच्यावर बारा हजारांच्या घरात माणसे पहाऱ्याला होती आणि शेकडो मैल बाभूळ, बोर, निवडुंग यांचे काटेरी कुंपण वाढवले होते. पुढे सांभर आणि पचपद्रा येथील मिठागरेच करार करून ताब्यात घेतल्यावर तिची गरज उरली नाही आणि १८७९ साली ती उठवली गेली. म्हणजे ज्या पिढीने रेल्वे येताना पाहिली, त्याच पिढीच्या हातून मीठही गेले. शिवाय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया त्याच काळात पडू लागली आणि पुढे अनेक ठिकाणी बंजाऱ्यांची नावे पोलिसांच्या यादीत चढली. ती १९५२ साली उतरली. कापूस, मीठ आणि अब्रू या तिन्ही गोष्टी इतक्या थोड्या वर्षांत एखाद्या समाजाकडून काढून घेतल्या गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

निमाडातून नर्मदेकडे जाताना पुन्हा कपाशी, मिरची आणि केळी. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर एक संध्याकाळ काढली. त्या घाटाविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालत नाही. मांडूला मात्र थांबले पाहिजे. विंध्याच्या कड्यावर, माळव्याच्या पठारापासून खोल दरीने तुटलेल्या या डोंगरावर नदी नाही. जे पाणी होते ते पावसाचे, आणि सुलतानांनी ते छपरापासून धरले. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये बांधलेल्या जहाज महालाच्या गच्चीवर वळणावळणाच्या कोरीव पन्हळी आहेत. पाणी त्या वळणांतून फिरत जाई, गाळ मागे राही आणि निवळलेले पाणी खालच्या हौदात पडे. इतर पर्यटक गच्चीवरून तलावाची छायाचित्रे घेत होते, तेव्हा काकाजी त्या पन्हळीत बोट फिरवून तिचा उतार अजमावत होते.

मांडूवरून धार, रतलाम, मंदसौर, नीमच हा सगळा पट्टा गव्हाने, लसणाने आणि परवान्याच्या अफूच्या कोवळ्या रोपांनी भरलेला होता. "मालव माटी गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर" ही म्हण येथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. लदेणीचे बैल येथे चांगले पोसले जात असणार, यात शंका नाही. पण आजचे वास्तव असे, की माळव्याचे सर्वांत मोठे शहर असलेले इंदूर १९७८ पासून महेश्वरजवळच्या जलूदहून विंध्य चढवून आणलेले नर्मदेचे पाणी पिते, आणि उज्जैनच्या क्षिप्रेतही २०१४ पासून नर्मदेचेच पाणी सोडावे लागते. पावलापावलावर पाणी असलेल्या प्रदेशाने ते दोन पिढ्यांत उपसून संपवले. रतलामच्या अलीकडे एका ढाब्यावर आम्ही बाफले खाल्ले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरच्या आमच्याकडच्या रोडग्यांची त्यांना सर नाही, असे याडीचे मत पडले आणि माझेही तेच आहे.

नीमच सोडल्यावर निंबाहेड्याच्या सुमारास एक बदल झाला, तो गाडीतल्या सर्वांना एकदम जाणवला. यवतमाळपासून मेळघाट, निमाड, माळवा असा चाकांखाली चाललेला काळा दगड आणि काळी माती येथे संपते. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून तयार झालेल्या दख्खनच्या पठाराची ही उत्तरेकडची कड आहे. पुढे चुनखडी लागते, सिमेंटचे कारखाने दिसू लागतात आणि माती आधी करडी, मग तांबूस होते. "बाई, आपली माती अठी सुटली," काकाजी म्हणाले. राज्याची सीमा काही किलोमीटर आधीच येऊन गेली होती, तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते.

चित्तोडगडाविषयी लिहिताना लेखणी सहज १३०३, १५३५ आणि १५६८ च्या वेढ्यांकडे आणि जोहरांकडे वळते. याडी त्या जागेजवळ फार वेळ थांबली नाही. तिने हात जोडले आणि ती पुढे निघाली. आम्ही गडावरची तळी पाहत हिंडलो. मैदानापासून सुमारे १८० मीटर उंच उचललेल्या या लांबलचक डोंगरावर एके काळी ८४ तळी, कुंडे आणि विहिरी होत्या असे सांगतात, आणि त्यांतील वीसबावीस आजही आहेत. गोमुख कुंडात डोंगराच्या पोटातून पाणी येते, तेथे मासे आहेत. वेढा महिनोन्महिने चाले, तो या पाण्याच्या बळावर. राणा कुंभाच्या विजयस्तंभावर, जो १४४८ साली पूर्ण झाला, शिल्पांची इतकी गर्दी आहे, की तो पाहताना मान दुखते. पण गडाचे आयुष्य त्याच्या शेजारच्या उतारावरून खाली कुंडात उतरणाऱ्या चरांनी राखले.

उदयपूर शहर १५५९ मध्ये महाराणा उदयसिंहांनी वसवले, हे सर्वांना ठाऊक असते. ज्या पिछोला सरोवरामुळे हे शहर आज जगभर ओळखले जाते, ते मात्र शहराच्या दीड-दोन शतके आधीचे आहे, आणि ते महाराणा लाखांच्या काळात धान्य वाहून नेणाऱ्या एका बंजाऱ्याने बांध घालून तयार केले, अशी तेथील परंपरा आहे. राजवाड्यातल्या वाटाड्याने ही माहिती एका वाक्यात उरकली आणि तो आरशांच्या महालाकडे वळला. काकाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी त्याला नम्रपणे पुन्हा विचारले, की बांध नेमका कोणत्या बाजूला होता. त्याला ते सांगता आले नाही, पण त्याने एका वयस्क कर्मचाऱ्याला बोलावून आणले, आणि त्या गृहस्थांनी दक्षिणोत्तर पसरलेल्या पाण्याकडे हात करून ओढा कोठून येतो, पाळ कोणत्या अंगाला आहे आणि पुढच्या महाराणांनी ती कशी उंचावली, हे सगळे सावकाश समजावून दिले. काकाजींनी आपली ओळख सांगितली. त्यानंतर दोघे वयोवृद्ध पुरुष मेवाडी आणि बंजाऱ्यांची गोरबोली यांच्या मधल्या कोणत्या तरी भाषेत बराच वेळ बोलत बसले, आणि आम्ही त्यांना बोलू दिले. मध्य प्रदेशातल्या सागरचे तळेही लाखा बंजाऱ्याचे म्हणून ओळखले जाते, आणि उत्तरेत अशा कथा जागोजागी ऐकू येतात. प्रत्येक कथेला शिलालेखाचा आधार सापडेलच असे नाही. परंतु ज्यांना रोज लाखो लिटर पाणी लागत होते आणि दरवर्षी त्याच वाटेने परतायचे होते, त्यांनी मुक्कामाच्या जागी तळी खोदली, यात मला अशक्य असे काही दिसत नाही. किंबहुना त्यांनी ती खोदली नसती, तरच नवल वाटले असते.

अरवलीचा घाट रणकपूरकडे उतरतो. मंदिरातल्या खांबांच्या वनात तासभर थांबून आम्ही मारवाडात आलो. येथे झाडांची उंची कमी होते, खेजडी आणि बोरी दिसू लागतात, शेतात जिरे आणि मोहरी. जोधपूरला राव जोधांनी १४५९ मध्ये पायाभरणी केलेल्या मेहरानगडाच्या दारात याडीने मला सांगितले, की तिच्या माहेरचे आणि सासरचे दोन्हीकडचे वडीलधारे आपण राठोड म्हणजे येथलेच, असे सांगत आले आहेत. राजघराण्याशी नाते होते की नव्हते, या वादात मला रस नाही, आणि तिलाही नव्हता. तिला पाहायचे होते ते मीठ.

पचपद्रा हे गाव जोधपूरपासून शंभरएक किलोमीटरवर, बालोतऱ्याच्या अलीकडे आहे. अजमेरकडच्या टेकड्यांत उगम पावलेली लूणी नदी बालोतऱ्यापर्यंत गोडी राखून येते आणि तेथून पुढे खारट होऊन कच्छच्या रणात नाहीशी होते. पचपद्र्याच्या सपाट, चमकत्या जमिनीत खारवाल लोक लांबट खड्डे खणतात. तळाशी खारे पाणी झिरपून साचते. त्यात ते काटेरी झुडपाच्या फांद्या टाकतात आणि उन्हाने पाणी आटत जाईल तसे त्या काट्यांवर मिठाचे स्फटिक धरतात. आता पलीकडे तेलशुद्धीकरण प्रकल्पाची उंच धुराडी उभी आहेत आणि खड्ड्यांवर काम करणारी घरे कमी झाली आहेत. आम्ही गेलो तेव्हा मिठाचे जुने ढीग कडेला रचलेले होते. याडी लग्नकार्यात घालते ती फेट्या-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, मुद्दाम नेसून आली होती. ढिगाजवळ बसलेल्या दोन बायकांनी तिच्या अंगावरचे आरशांचे भरतकाम हातात धरून निरखले आणि तिला बसायला जागा करून दिली. त्यांच्या घरात एक गोष्ट ऐकिवात होती: पूर्वी दक्षिणेकडून बाळदांचे, म्हणजे लादलेल्या बैलांचे, जथे येत, धान्य उतरवत आणि मीठ भरून नेत. याडी आपल्या बोलीत बोलत होती, त्या त्यांच्या बोलीत. मला निम्मेच कळले. निघताना त्यांनी पसाभर मीठ तिच्या ओढणीच्या टोकात बांधून दिले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

जैसलमेर ११५६ मध्ये रावळ जैसलांनी वसवले, आणि सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या व्यापारावर ते मोठे झाले. पटव्यांच्या हवेल्या त्या पैशाने उभ्या राहिल्या. मुंबईचे बंदर वाढले, रेल्वे दुसरीकडून गेली, १९४७ नंतर सिंधची वाट बंद झाली, आणि शहर कित्येक वर्षे ओस पडल्यासारखे होते. बैलांच्या आणि उंटांच्या व्यापाराची अखेर सारखीच झाली. फरक एवढाच, की उंटांच्या व्यापाऱ्यांनी मागे दगडी हवेल्या ठेवल्या आणि बैलांच्या व्यापाऱ्यांनी तळी. येथे वर्षाला दोनशे मिलिमीटर पाऊससुद्धा भरवशाचा नाही. तरीही चौदाव्या शतकात रावळ गडसींनी खोदलेल्या गडीसर तलावाने सहाशे वर्षे शहर जगवले, कारण तलावाकडे उतरणारा माळ राखलेला होता. त्यावर घाण करण्याची, जोडे घालून फिरण्याची मनाई होती. आता शहराला कालव्याचे पाणी नळाने मिळते, किल्ल्यावरही मिळते, आणि थेंब थेंब जपून वापरण्यासाठी बांधलेल्या त्या किल्ल्याच्या पायात सांडपाणी मुरून बुरुज खचत आहेत.

जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूवर संध्याकाळी गाण्यांचा आणि जीपगाड्यांचा इतका गोंगाट होता, की आम्ही लवकर परतलो. कुलधऱ्याला लोक भुताटकीच्या गोष्टी ऐकायला जातात. त्यापेक्षा तेथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांनी रचलेली खडीन पाहायला हवीत. खडकाळ माळावर पडलेला थोडासा पाऊस खालच्या सखल जागी लांब मातीच्या बांधाने अडवतात, पाणी तेथे मुरू देतात, आणि ते ओसरले की त्याच ओलीवर गहू व हरभरा पेरतात. पुन्हा पाणी देत नाहीत. भोवती पिवळा माळ आणि मध्ये हिरवागार गहू, हे दृश्य काकाजींनी बांधावरून चालत शेवटपर्यंत पाहिले. त्या शेतकऱ्याशी त्यांचे बोलणे झाले ते फक्त सांडव्याची उंची, बांधाची रुंदी आणि हरभऱ्याचे बी यांविषयी. आपल्या काळ्या मातीत असे तुंबवलेले पाणी लवकर मुरत नाही आणि खरीप हातचा जातो, ही अडचण मी बोलून दाखवली. जबलपूर-नरसिंहपूरकडे मात्र काळ्या मातीच्याच बांधबंदिस्त शेतात पावसाळाभर पाणी ठेवून रब्बीला गहू-हरभरा घेण्याची हवेली पद्धत आहे, हेही मला ठाऊक होते. परतीच्या वाटेवर त्या दोघा बापलेकांचा, म्हणजे काकाजींचा आणि फोनवरून त्यांच्या थोरल्या मुलाचा, त्यावर पुष्कळ खल झाला. टेकडीखालचा त्यांचा एक तुकडा दरवर्षी पाण्याने खरडून जातो. तेवढ्यापुरता प्रयोग करायचा, असे ठरले आहे.

पचपद्र्यापासून दिग्रसपर्यंत आम्ही ज्या वाटेने गेलो ती तेराशे किलोमीटरच्या घरात भरते. लादलेला बैल चरत चरत दिवसाला चार-पाच कोस चालतो, असे काकाजी म्हणतात. म्हणजे वाट सरळ धरली, तरी नुसते जायलाच अडीच-तीन महिने. दसऱ्याला कापूस-धान्य भरून निघालेला तांडा पौष-माघात मिठागरावर पोहोचायचा आणि परत येईपर्यंत वैशाख लागायचा; त्यानंतर पावसाळ्याचा मुक्काम. हा हिशेब ऐकून याडीने विचारले, की मग बाळंतिणी कोठे राहत होत्या, त्यांच्याजवळ कोण थांबत होते आणि पुढे गेलेल्या तांड्याला त्या कशा गाठत होत्या. मंडीने चौदा हजार बैल मोजले आणि बायकापोरे बरोबर होती एवढे लिहिले. त्यापलीकडे मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही.

ते उत्तर असलेच, तर तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांच्या गाण्यांत असेल. म्हणून आम्ही दोघींनी एक वही घातली आहे. याडी गाणे म्हणवून घेते, मी लिहिते. मुक्कामाचे, नदीचे, घाटाचे नाव आले की त्याखाली रेघ ओढते. मानोरा आणि दिग्रस तालुक्यांतले काही तांडे झाले आहेत. पुसदकडच्या एका तांड्यावर वयाची नव्वदी ओलांडलेली याडीची मावससासू आहे. तूर निघाली की तिच्याकडे जायचे आहे.